एका हातात उचलता येईल असा

हरभट रोडमागच्या बोळात बाहुबली मगदुमांचं दुकान.
यादी मी आडतीच्या पाठकोऱ्या पावतीवर नेलेली,
हळदीच्या बोटांसकट.

प्रोसेसर, ग्राफिक्स आतच असलेला.
वेगळं कार्ड प्रज्योतनं स्वतःच्या पगारातनं घ्यावं.
रॅम सोळा. मग आठ.
मग पुन्हा सोळा, आणि माझा चष्मा पुढच्या महिन्यात.

एसएसडी च्युइंगमच्या पट्टीएवढी.
हरिपूरच्या पेवात उतरून
पोती मोजलेल्या माणसाला हे कोठार वाटत नाही.

"पॉवर सप्लाय जुना चालेल?"
मगदूम हसले नाहीत.
"काका, काटकसर कुठंबी करा, तिथं नको."

मग कॅबिनेट.
त्यांनी मोठं दाखवलं, काचेचं, आत निळे दिवे,
चार पंखे, आणि वर दोनशे रुपये स्वस्त.
मी खिशातली टेप काढली.
लहान पाहिजे.
"पुढं काही वाढवता येणार नाही बघा."
असू दे.

त्यांच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर,
एकोणीसच्या पाण्याची रेघ,
दोनदा रंग देऊन उमटलेली.
मी तिकडं बघितलं. त्यांनीही.
मग न बोलता स्टुलावर चढून
वरच्या फळीवरनं त्यांनी डबा काढला,
पिठाच्या डब्यापेक्षा बुटका.

उजव्या हातानं उचलून बघितला.
डावा सुमतीसाठी.
तिचे गुडघे जिना चढत नाहीत.

बिल झालं. सुट्टे नव्हते,
म्हणून केबल बांधायच्या सात पट्ट्या दिल्या.