नेम

सखाल्वाशोच्या टेकडीवर सप्टेंबरात वारा पडला
की समुद्राकडून ढग सरकतो आणि गरुड खाली येतात,
इतके खाली की पोटाखालची पिसं मोजून घ्यावीत.
मोजणारी परदेशी पोरं बाकावर ओळीनं बसतात,
हातात खटखट वाजणारं यंत्र,
दर तासाला वहीत टिपून ठेवतात:
मधुबाज अमुक, घारी तमुक,
ओळखू न आलेले एकोणीस.

त्यांना खोली भाड्यानं देऊन, तीन हंगाम
अक्रोडाची चटणी चमचाभर जास्त वाढून
मी हा कॅमेरा घेतला. जुना.
आधीच्या मालकाच्या अंगठ्यानं
एक बटण गुळगुळीत झालेला.

पडद्यावर हिरवी चौकट उगवते, पक्ष्याला हुंगते.
धरते. सोडते. हेझलनटच्या शेंड्याला जाऊन चिकटते.
विजेच्या तारेला.
एकदा तर नोदारच्या छपरावरच्या टाकीवर
ती इतकी मन लावून बसली
की तेवढ्यात माझा मधुबाज
तुर्कस्तानात पोचला असेल.

मेनूत खूप आत एक पट्टी आहे, उणे दोन ते अधिक दोन:
मध्ये काही आडवं आलं
तर किती वेळ जुन्यालाच धरून राहायचं
आणि कधी नव्याकडे वळायचं.
मुर्मानकाकांना मी हे समजावलं.
त्यांनी टोपी मागे सारली. विचारलं,
"माणसांना बसवून मिळतं का हे?"
त्यांचा मुलगा ग्दान्स्कमध्ये फरश्या बसवतो.
आधी दर रविवारी फोन करायचा.
आता त्याचा काही नेम नाही.

याच टेकडीवर काकांनी चाळीस वर्षं पक्षी टिपले.
बंदूक आता चुलीमागे, नळीत चिंधीचा बोळा.
त्याच्याही आधी, पोरवयात, ससाणा धरायचे,
मुठीवर घेऊन लग्नालासुद्धा जायचे,
त्याच्याकरवी लावे पकडायचे
आणि हंगाम सरला की सोडून द्यायचे.
"सोडल्यावर हात हलका व्हायला हवा ना?
जड व्हायचा. आठवडाभर.
भाकरी तोडतानासुद्धा."

काल त्यांनी कॅमेरा मागितला.
हात कापतो त्यांचा. भिंगाचं टोक
वाळत घातलेल्या कपड्यासारखं हलत होतं.
पण डावा पाय आपोआप पुढे गेला,
कोपर बरगडीला टेकलं,
आणि दरीतून वर आलेल्या गरुडाबरोबर
ते कमरेतून वळले, एका लयीत,
वळता वळता त्याच्या पुढे निघून गेले.

"काका, पक्ष्यावर! चौकट पक्ष्यावर ठेवा!"
"पक्ष्यावर धरलं तर छर्रे मागे पडतात, एतेरी.
हातभर पुढचं आभाळ धरायचं."

सेकंदाला वीस. बोट काही उचलेना.
गरुड कड्यामागे गेला तरी यंत्र तडतडत होतं,
अंगणातल्या कोंबड्या दाणे टिपायच्या थांबल्या.
मग त्यांनी बाहीनं डोळे टिपले.
वारा आहे, म्हणाले.
वारा केव्हाच पडला होता.

रात्री आईनं जेवायला तीनदा हाक मारली.
मी एकशे बेचाळीस फोटो पाहत होते.
आभाळ. आभाळ. आभाळ.
चौकटीला धरायला काही मिळालंच नव्हतं,
बिचारी मागेपुढे धापा टाकत राहिली,
प्रत्येक आभाळ वेगळ्या तऱ्हेनं धूसर.
सत्त्याण्णवाव्यात, डाव्या काठावर,
पंखाचं एक टोक. पसरलेली पिसं.
दार ढकलताना माणसाच्या आधी
हात दिसतो, तशी.

कार्ड भरलंय. उद्या ढग खाली असतील, पक्षी खूप येतील.
पुसायला घेतलं. अंगठा त्या गुळगुळीत बटणावर.
आणि मग माझेच पुसले, तेरा गरुड,
चांगले होते त्यांतले दोन,
आणि नोदारची टाकी,
जागा करायला.