मर्वमध्ये, बाणांना पिसं लावताना

नातू विचारतो, आजोबा, तुम्ही कासव होता म्हणे?

होतो. सातशे पाठींचं एक कासव.
पुढच्यांच्या ढाली भुईला टेकलेल्या,
मागच्यांच्या डोक्यावर, कौलांसारख्या,
आणि आत अंधार, लसूण, घाम,
हेरियसचा खोकला.

सुपात हरभरे नाचावेत तसे बाण वाजायचे वर.
काही नुसते वाजत नसत, आरपार येत,
धरलेला हात ढालीलाच खिळून टाकत.

नायक म्हणाला, मोजा.
एका भात्यात मावून मावतील किती?
उन्हं कलेपर्यंत संपतील,
मग आहेच आपली तलवार.
हेरियस मोठ्यांदा मोजू लागला.
त्याला शंभराच्या पुढचं येत नव्हतं,
तो पुन्हा एकपासून धरायचा.

मग टेकाडामागून उंट आले.
रांगेनं, सावकाश,
मीठ विकायला निघाल्यासारखे.
स्वार त्यांच्यापाशी जात,
रिकामा भाता देत, भरलेला घेत.
हेरियस मोजायचा थांबला.

एकदा धावूनही गेलो अंगावर.
त्यांनी पाठ दाखवली.
आमच्याकडे पाठ दाखवली की लढाई संपते,
त्यांची तिथून सुरू होते.
घोडा पुढे, धड मागे,
आणि पळणाऱ्याचा चेहरा थेट तुझ्याकडे.

पुढे कैक वर्षांनी एक नवा कैदी आला इथे.
म्हणाला, आता आम्ही गोफणवाले नेतो,
शिशाच्या गोळ्या, बाणाहून लांब जातात.
चढावर उभं राहायचं,
घोडे दमून वर येईपर्यंत हलायचं नाही.
सोपं आहे, म्हणाला.
मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार.

तुझ्या आजीचा बाप, मिहरफर्न,
त्या रांगेतल्या सातव्या उंटाची दोरी त्याच्या हातात होती.
लग्नात दारू चढल्यावर बोलला:
त्याला धास्ती होती, उंट पोचण्याआधीच लढाई आटपेल,
सगळा माल परत न्यावा लागेल
आणि भाडं बुडेल.

ये, धर हे पीस. असं नाही, सरळ.
एक जरी वाकडं बसलं
तर बाण भलतीकडे जातो.

हा डाव्या तळहातावरचा वण ना?
चांगला बाण होता तो.
तिन्ही पिसं नीट बसवलेली.