बंद घराचं रीडिंग

दिवसा मी मीटर वाचतो.
शुक्रवार पेठ, दुधाळी, गंगावेस,
जिन्याखालच्या काळोखात मोबाइलची बॅटरी धरून
आकडे टिपतो, आणि कुणी दार उघडलंच
तर पाणी मागतो.
रात्री त्याच वहीच्या मागच्या पानांवर
भीती लिहितो. चौघांपुरती.

सुरुवातीला सगळं उसनं होतं.
धुकं, किल्ला, कुठल्या तरी परदेशी शहरातलं
बर्फाखालचं स्मशान.
इंगवले फासे खुळखुळवत म्हणाला,
"भावा, बर्फ आपण गोळ्यावरच बघितलाय.
भ्या वाटंल असं कायतरी आण की."

मग मी फिरता फिरता बघायला लागलो.

उद्यमनगरात भट्टी विझल्यावर
साच्यातली वाळू रात्रभर गरम राहते,
कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी.
मिल बंद होऊन जमाना झाला,
बाबरकाका अजून भोंग्याला उठतात.
"कसला भोंगा?" म्हटलं,
तर माझ्याकडेच काळजीनं बघतात:
"तुला ऐकू येत न्हाई?"

आणि एक घर.
मालक पुण्याला, तीन वर्षं कुलूप,
मेन स्विच मीच पाडलेला,
तरी महिन्याला चार युनिट.
मी हिशेब केला.
पंधरा वॅटचा झिरोचा दिवा,
रोज रात्री नऊ तास.
बस्स, एवढंच.
एवढंच कुणीतरी जागं असतं.

माझे नियम थोडे.
फासा धाडसासाठी टाकायचा, भीतीसाठी नाही.
भूत दाखवायचं नाही, त्याचं बिल दाखवायचं.
आणि टेबलाच्या मधोमध एक काडेपेटी:
कुणीही ती उभी केली की खेळ तिथंच थांबतो,
कारण विचारायचं नाही.

रविवार. सासनेचं झेरॉक्सचं दुकान,
शटर अर्धं ओढलेलं, मशीन अजून कोमट.
मी वाचत होतो:
कुलूप निघतं. आत झिरोचा दिवा.
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक मळकट रेघ.
तुमच्या मागं पाण्याचा आवाज होतो
आणि पाणी गुडघ्यापर्यंत,

शाहीन जमादारनं काडेपेटी उभी केली.

बाहेरून शेवटची केएमटी गेली, रिकामी, खडखडत.
सासनेनं चहा सांगितला.
किणेकर उगीच आपल्या कागदावर
तलवारीला धार काढत बसला, पेन्सिलीनं.
मी पानावर काट मारायला पेन उघडलं.

"खोडू नको," ती म्हणाली.
"पण चुकलायंस तू.
पाणी आवाज करत येत नाही.
आधी मोरीतनं येतं, खाली मान घालून,
लांबच्या पाहुण्यासारखं.
मग फ्रिज तरंगतो. उभा नाही, आडवा,
माणूस निजल्यागत.
आणि रेघ छातीला नव्हती रे.
पंख्याला होती.
ओसरल्यावर अब्बांच्या शर्टाच्या खिशात
मासा निघाला. एवढासा.
अम्मीनं शर्ट तसाच घडी घालून ठेवला.
का, ते आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

मी लिहून घेतलं.
हात कापत होता, आणि खरं सांगायचं तर
आत कुठंतरी बरंही वाटत होतं,
चांगलं मिळालं म्हणून.
याची लाज वाटली ती चहा संपल्यावर.

काडेपेटी तिनंच आडवी केली.
"चल. टाक."
वीस बाजूंचा फासा काचेवर बराच वेळ फिरला.
किती पडले ते कुणी मोठ्यानं वाचलं नाही.

सोमवारी त्या घरापाशी थांबलो.
दारात वाळलेला पाला, कुलपाला गंज,
आकडा चारनं पुढं.
असं दिसलं की वरती कळवायचं असतं,
संशयास्पद वापर, छापील रकाना आहे त्याला.
मी खिडकीकडं बघितलं. दिवस होता,
दिवा असता तरी दिसला नसता.

रकान्यात लिहिलं: नियमित.
आणि पुढच्या घराची बेल दाबली.