उणे दहा

बँडचं नाव इनासनं काट्यावरून घेतलं.
मिठाच्या पाण्याच्या टाकीवर एक काटा होता,
तो जिथे थरथरत उभा राहायचा, ते नाव.

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना,
रात्रपाळीला कॉम्प्रेसर आणि मी,
आणि नवानंतर हे तिघं:
इनास, ज्याचा बाप लग्नाला आणि मयताला
एकच कॉर्नेट फुंकायचा;
मधू खवणेकर, गिटारला पाच तारा,
सहावी येत्या पगाराला;
नयन कुबल, मच्छीमार सोसायटीत टायपिस्ट,
गाताना चेहरा असा ठेवायची
जसं पत्र टाईप करतेय, आणि पत्र दुसऱ्याचं आहे.

ड्रम माझे. म्हणजे एक ताशा, दोन डबे
आणि भजनी मंडळाची झांज, सांगून आणलेली.

चौऱ्याऐंशीच्या नाताळाला
इनासचा तारवटी मामा पेटी घेऊन उतरला,
शिवणाच्या डब्याएवढी.
बटण दाबलं की ठेका, सकाळपर्यंत तोच.
कुणीच माझ्याकडे बघितलं नाही,
त्यावरूनच मला कळलं.

गाणं नयनचं: 'विनंती थांबा'.
होडावड्याच्या फाट्यावर एसटी थांबली नाही
त्या संध्याकाळी लिहिलेलं.
त्यात प्रेमबिम नव्हतं. एक बाई, हात वर,
आणि लांब जाणारी गाडीची मागची काच.

रेकॉर्डिंग कारखान्यातच, मडगावचं मशीन भाड्यानं.
कॉम्प्रेसर बंद करायची परवानगी नव्हती.
मी केला.
इतकी शांतता त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच ऐकली.
पेटी ठोकू लागली, इनासची बोटं त्या पातळ, गार सुरांवर,
आणि मी उभा, हातात बर्फाचा टोचा,
हाताला काम नाही.
तिसऱ्या ठोक्यानंतरच्या रिकाम्या जागेत
मी लादीवर मारलं.
लादी तडकली, आवाज पत्र्यापर्यंत जाऊन परत आला.
इनास न थांबता ओरडला,
"बाबल, ता परत मार मरे!"
तीन मिनिटं दहा सेकंद. सात लाद्या.
काटा उणे नऊवर आला होता.

मग ते कुडाळच्या स्टँडवर वाजलं, सावंतवाडीच्या जत्रेत वाजलं,
ट्रॉलरवर तर वायरलेसवरून
एक होडी दुसरीला ऐकवायची.
मालवणात पोरं एक हात वर करून नाचायची,
कंडक्टर लोकांना ते अजिबात आवडलं नाही.

कॅसेटच्या कागदावर तिघांची नावं,
आणि खाली: ठेका, यंत्र.

दुसरी कॅसेट आली होती.
ती माझ्याकडेसुद्धा नाही.
इनास मस्कतला गेला, मामाच्या वाटेनं. मधू बँकेत.
नयन फोंड्याला असते, गुडघे दुखतात म्हणे.

गेल्या मे महिन्यात पुण्याचा एक मुलगा आला,
दाढी, वही, कानात दोन दोन यंत्रं.
तो ठोका कुठल्या मशीनचा, म्हणाला, जपानी ना?
मी म्हटलं, बर्फ.
तो हसला, आणि वहीत
कसलासा नंबर लिहिला, इंग्रजीत.
मी पुढे काही बोललो नाही.

घरच्या फ्रिजमधल्या बर्फाला तो आवाज येत नाही,
मी बघितलंय.
मोठी लादीच लागते.
तिच्या पोटात एक पांढरी शीर असते,
तिच्या चार बोटं अलीकडे.