पान एकतीस

हर्णैच्या वाचनालयात खेळांची म्हणून एकच फळी.
तिच्यावर योगासनांची दोन, बुद्धिबळाचं एक,
आणि वासंती बेंडखळेचं आत्मचरित्र,
पाठीला चिकटपट्टी, आत चहाच्या कपाचा गोल डाग.
मी हात साबणाने दोनदा धुऊन गेले होते,
तरी सावंतबाई नाक न मुरडता मुरडून म्हणाल्या,
‘पावसे, पानं जपा हं.’

रात्री भांडी आवरली की वाचायची.
वीज गेली की बॅटरीवर.
तिचं वसतिगृह, पाण्यासारखी डाळ,
पहाटे चारला पायावर गार पाणी ओतून उठवणारे सर,
गुडघा उघडला तो दवाखाना.
पान एकशे दोन: कुठल्याशा परदेशी मैदानावर
शेवटच्या वळणाला कुणाचा तरी कोपर लागला
आणि ती चौथी आली.
तिथे मी पुस्तक पालथं घातलं, उठून पाणी प्याले.
नवरा म्हणाला, ‘तुला कशाला धाप लागलीय?’

पण त्याच्या आधी पान एकतीस.
पान एकतीसवर मी आहे.
नाव नाही. ‘हर्णैकडची एक अनवाणी मुलगी’, बस.
रत्नागिरी, जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा, पंधराशे मीटर.
‘ती माझ्या पुढे होती, बरीच पुढे.
शेवटच्या फेरीत ती थकली. मी जिंकले.
संयम म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.’

थकली.

मला बंदरावर भांडकुदळ म्हणतात,
काटा मारते म्हणतात, म्हणू देत.
पण थकली?
छातीभर पाण्यातून, डोक्यावर पाटी,
होडीपासून वाळूपर्यंत, बोली तुटायच्या आत,
कोळंबीचं पाणी मानेवरून पाठीत,
अशा खेपा त्या शर्यतीनंतर चौतीस वर्षं मी मोजलेल्या नाहीत.
मोजणारी ती. तिच्याकडे घड्याळ होतं.

लिलावाच्या वहीतली पेन्सिल काढली,
टोकाला थुंकी लावली, समासात लिहिलं:
थकली नव्हती.
पुस्तक परत केलं. उशीर नऊ दिवस, दंड नऊ रुपये,
सुट्टे नव्हते तर सावंतबाईंनी एक रुपया सोडला.

शिमगा गेला. बंदी लागली, होड्या वर ओढल्या.
नारळ सोडून झाला, होड्या पुन्हा पाण्यात.
परवा ते पुस्तक परत आणलं.
कशाला ते मलाही विचारू नका.
माझ्या अक्षराखाली दुसरं अक्षर,
निळी शाई, गोल गोल, एखाद्या शाळकरी पोरीचं असणार:
‘मग काय झालं होतं?’

आता काय सांगू, बाय.
समास उरलाय बोटभर.

घंटा झाली होती.
आम्ही पळायचो ते वाळूवर,
या टोकाला निघायचं, त्या टोकाला पोचायचं.
फिरून फिरून त्याच जागी यायचं असतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
चुन्याच्या रेघांचं मैदान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.
मी पुढे, आणि टेबलापाशी कुणीतरी घंटा वाजवली.
आमच्या शाळेत घंटा झाली की दप्तर उचलायचं.
मी थांबले.
टेबलामागच्या साहेबांना हात जोडले. हसले सुद्धा.
मागून एकेक जण माझ्या बाजूने निघून गेली,
वासंती पहिली, तोंड उघडं, डोळे कुठेच नाहीत.
मला वाटलं, घरी जायची काय घाई यांना.
कुंपणाशी आमचे खोत गुरुजी हात हलवून ओरडत होते,
वारा त्यांच्याकडे जात होता.

आणि अनवाणी, तेही खरं नाही.
चपला होत्या. थोरलीच्या, अंगठा तुटलेल्या,
हरवल्या तर मार बसला असता म्हणून काढून ठेवलेल्या.
वासंती अर्ध्या फेरीपलीकडे पोचली तेव्हा
मी रेघेवर वाकून
त्याच शोधत होते.