झाकण, वेगळ्या हिरव्याचं

गुरुवारी संध्याकाळी सहाला
कुओपिओच्या वाचनालयाखालचं तळघर उघडतं.
बाहेर तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेलं,
आत पाच दिवे, पाच भिंगं,
आणि थिनरचा तो वास,
जो माझ्या मफलरमधून
बायकोच्या मते मे महिन्यापर्यंत जात नाही.

पोटासाठी मी कवळ्या करतो.
इथे त्याच बारीक ड्रिलनं
मिगच्या पंखावर रिवेटांच्या रांगा टोचत बसतो.
एकास अठ्ठेचाळीस हे माप निर्दयी :
टाचणीच्या टोकाची चूक
खऱ्या पत्र्यात अंगठा जाईल एवढी होते.
म्हणून श्वास रोखायचा, मग टोचायचं,
मग सोडायचा.

हिल्का नाकात शिसं भरते,
बर्फातल्या मासेमारीचे मणी,
नवऱ्याच्या डब्यातून ढापलेले.
नाहीतर विमान फतकल मारून
शेपटीवर बसतं.
यारमोनं पुढच्या नळीसाठी
इंजेक्शनची सुई कापली, आणि तुकडा
टुण्णकन उडाला चिमट्यातून.
पाचही जण ओणवे, टॉर्च घेऊन गालिच्यावर,
कुणी बोलेना.
सापडली एक शर्टाची गुंडी
आणि गेल्या वर्षीचं चाक.

मग रंगाचं भांडण.
यारमो म्हणतो शेवाळी,
हिल्का म्हणते बाटलीचा हिरवा, त्यात चिमूटभर काळा,
आणि टेबलावर फोटो,
प्रत्येक फोटोत ऊन वेगळं, हिरवा वेगळा.
तीन आठवडे हेच.
दोन गुरुवार तर ते एकमेकांशी
फक्त सँडपेपर मागण्यापुरते बोलले.

ओइवा कोपऱ्यात. वय एक्याऐंशी.
रिस्सालाच्या तळावर बावीस वर्षं मेकॅनिक.
हात थरथरतात म्हणून तो काही जोडत नाही,
कॉफी ओततो, तीही अर्धाच कप.
त्या दिवशी किटली खाली ठेवून म्हणाला,
"तुमचे दोन्ही हिरवे बरोबर आहेत.
पण डाव्या पोटावरचं ते छोटं झाकण
तिसऱ्या हिरव्याचं होतं."

उणे एकतीसची रात्र.
मूळ झाकण धावपट्टीवर कुठे उडालं, देव जाणे.
पहाटे विमान वर जायचं होतं.
शेजारी एक मिग सुट्या भागांसाठी उभं होतं,
त्याचं काढलं, याला बसवलं.
हातमोजा घालून तो स्क्रू धरता येईना.
"साल राहिली माझी तिथं," म्हणाला,
आणि तर्जनी दाखवली,
जिच्यावर आता काहीच दिसत नव्हतं.

मी तो चौकोन रंगवला.
नखाच्या चंद्राएवढा.
ओइवा मागे उभा : "अजून पिवळट. अजून.
हं. एवढा घाणेरडा होता."

मग कोमट पाण्यात निळंपांढरं वर्तुळ
कागदाची पाठ सोडून तरंगलं,
हिल्कानं ब्रशच्या टोकानं ते पंखावर निजवलं,
आणि यारमो आपणहून म्हणाला,
की हिरवा तसा वाईट नाही.

मार्चमध्ये ताम्पेरेला स्पर्धा,
शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली.
परीक्षक बारीक मिशांचा, हातात पेन्सिलीएवढा टॉर्च.
कागदावर त्यानं लिहिलं :
डावीकडचं झाकण, रंग जुळत नाही. वजा दोन.

हिल्का भांडायला निघाली होती.
ओइवानं तिची बाही धरली,
कागद नाकाजवळ नेला, पुन्हा वाचला,
आणि हसला,
मी केलेली कवळी जागची हलेपर्यंत हसला.
"त्र्याऐंशी सालच्या तपासनिसानं
हेच लिहिलं होतं. शब्दसुद्धा हेच.
त्याला मी म्हणालो, साहेब, बदलतो."

परतीला साडेतीन तास, रस्ता निसरडा.
गाडीचा हीटर नेहमीसारखा बंद.
केकच्या खोक्यात विमान,
खोकं ओइवाच्या मांडीवर.
वळण आलं की तो झाकणावर हात ठेवायचा,
मोजे काढून.