रेघ

महासंघाच्या कचेरीत नवी मुलगी आली आहे, नासुन्ग्वाक.
जुन्या वह्या संगणकात चढवायला घेतल्यात तिने
आणि तासातासाला मला फोन करते,
कारण अकरा वर्षं गोलमध्ये मी उभी होते
आणि त्या वह्यांतलं निम्मं अक्षर माझंच.

मी सिसिमिउटच्या कारखान्यात, कोळंबीच्या पट्ट्याशी,
कान आणि खांदा यांच्यात फोन दाबून.
'चौदा–अडतीस, बरोबर?'
बरोबर.
'अकरा–एकेचाळीस?'
तेही.

पेपरात शब्द आला होता, धुव्वा.
धुव्वा उडतो तेव्हा फारसा आवाज होत नाही.
जाळी सुस्कारते.
आपण वाकतो, चेंडू उचलतो, मधल्या रेषेकडे फेकतो.
एकेचाळीस वेळा वाकलेली कंबर
कुठल्या रकान्यात भरायची?

त्या अकरांतले चार पिपालुकचे.
लहानपणी तिचा अंगठा कुत्र्यांच्या गाडीखाली सापडला होता,
चेंडू तिच्या हातून जरा तिरका निघायचा
आणि समोरच्या गोलरक्षकाला तो तिरकेपणा
मध्यंतरापर्यंत कळायचा नाही.
मध्यंतरानंतर कळायचा.

आमच्याकडे गावाला गाव जोडणारा रस्ता नाही.
कुणी बोटीने, कुणी हेलिकॉप्टरने, एकजण बापाच्या मासेमारीच्या होडीतून
ओल्या बुटांनी,
संघ म्हणून आम्ही पहिल्यांदा भेटायचो
ते विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी.
तिथेच हान्सेराक बाकं सरकवायचा,
बुटाच्या टाचेने सहा मीटरची कमान आखायचा फरशीवर,
आणि रात्रपाळीचा म्हातारा पहारेकरी
निसटलेला चेंडू परत द्यायचा,
आधी दोन टप्पे मारून, मुद्दाम.

'आणि इथे,' नासुन्ग्वाक म्हणते, 'नुसती आडवी रेघ आहे.
संगणक रेघ घेत नाही.
शून्य घालू?'

शून्य घालू नकोस, बाई.
शून्य आम्ही कमावलेलं आहे.
पाच सामने, पाचही हरलो, गुण शून्य,
आणि शेवटी राळ माखलेल्या हातांनी हात मिळवले
तर त्यांचे आमचे पंजे सुटेचनात,
हसून हसून त्यांची कप्तान खाली बसली,
तिच्याबरोबर मीही, चिकटलेली.
ते शून्य.

रेघ म्हणजे धुकं.
तीन दिवस धावपट्टी दिसली नाही.
सोळा जणी आम्ही प्रतीक्षागृहात,
गुडघ्याच्या पट्ट्यांची उशी करून.
चौथ्या दिवशी टीव्हीवर उद्घाटन दाखवलं.
आमचा झेंडा कोण्या स्वयंसेवक पोराने धरला होता,
उलटा.
बिबिआने उठली, पडद्यासमोर गेली,
पाय फाकवून कमरेत वाकली
आणि टांगांमधून बघत राहिली, झेंडा सुलटा होईस्तोवर.
कुणी हसलं नाही. मग सगळ्याच.

पिपालुकची ती शेवटची स्पर्धा होती, म्हणजे व्हायची होती.
पुढच्या वर्षी ती ट्रॉलरवर स्वैपाकाला लागली.
तिचे एकूण गोल एकशे त्र्याण्णव, तपासून घे.
दोनशेला सात कमी.
ते सात त्या रेघेत आहेत,
अजून हवेत असतील,
तिरके.

'मग लिहू काय?'
धुकं लिही.
'त्या रकान्यात फक्त आकडे चालतात.'

पट्टा सुरू होतो. मी फोन दुसऱ्या खांद्यावर घेते,
हातमोज्यात बोटं सरकवते. राळेची जुनी सवय,
अजूनही आधी अंगठा चाचपते.
ते तसंच मोकळं ठेव, मी म्हणते. पुढचं वाच.

'सव्वीस–पंचवीस.'

बरोबर आहे.
पुन्हा एकदा वाच,
इथे यंत्रांचा आवाज फार आहे.